आधी हौदा, मग विद्यापीठ

कोणत्याही विद्यापीठाचा इतिहास सांगायला बसले म्हणजे माणूस आधी त्याचा कायदा शोधतो. विद्यापीठ कोणत्या साली झाले, पहिले कुलगुरू कोण, जिल्हे किती, कशातून फुटून निघाले. अमरावती विद्यापीठापुरती ही उत्तरे अगदी सोपी आहेत. १ मे १९८३ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, ते नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. पहिले कुलगुरू डॉ. के. जी. देशमुख. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलडाणा हे चार जिल्हे त्याच्या वाट्याला आले. १९९८ साली अकोल्यातून वाशीम निराळा जिल्हा झाला, तेव्हा चाराचे पाच झाले. २००५ साली विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. झाला इतिहास! एवढे सांगून मी तुमचा निरोप घेतला तरी चुकीचे असे काही सांगितले नाही, असेच तुम्ही म्हणाल.

पण मी माणूस मैदानावरचा. माझे सारे आयुष्य गळ्यात शिट्टी अडकवून गेले. अकोल्याकडच्या महाविद्यालयांत मी तीस वर्षे मुलांना आणि मुलींना पळायला, पकडायला आणि पडायला शिकवले. हो, पडायलाही शिकवावे लागते बरं का! तेव्हा मला विचाराल, तर या विद्यापीठाच्या खेळाचा इतिहास १९८३ पासून सुरू होतच नाही. तो ६९ वर्षे आधी, म्हणजे १९१४ साली सुरू होतो, आणि त्याची सुरुवात झाली लाल मातीच्या एका हौद्यात.

अमरावतीचे वैद्य बंधू, अंबादासपंत आणि अनंतराव, यांनी १९१४ साली हा हनुमान आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर ओळखला जाऊ लागला. काळ कसा होता ते ध्यानात घ्या. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला. कापसाचा पैसा शहरात खेळत होता, जिनिंग-प्रेसिंगचे भोंगे वाजत होते, वकिली जोरात होती. पण या सगळ्या प्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. नागपूरला विद्यापीठ झाले १९२३ साली, आणि अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजचे विदर्भ महाविद्यालय, तेही १९२३ चेच. म्हणजे अमरावतीत पदवीची सोय होण्याआधी नऊ वर्षे जोर-बैठकांची सोय झालेली होती!

ज्यांनी हौदा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे थांबतो. हौद्याची माती म्हणजे रस्त्याची माती नव्हे. ती चाळतात, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळतात, आणि रोज सकाळी फावड्याने उकरून मऊ करतात. नव्या पोराला पहिले काही दिवस कुस्ती कोणी शिकवत नाही. त्याच्या हाती फावडे देतात. माती उकरता उकरताच त्याचे खांदे तयार होतात, आणि माती कोणाची, हेही त्याला न सांगता कळते. मल्लखांबाचे तसेच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट दादा देवधरांनी ज्या विद्येला वळण लावले ती ही विद्या. गुळगुळीत लाकडी खांब, त्याला एरंडेल चोळलेले, आणि त्यावर पहिली उडी घेणाऱ्या पोराच्या मांड्यांची सालटी निघालेली. मी पुढे अमरावतीला शिकायला गेलो तेव्हा माझीही निघाली. आजही कुठे एरंडेलाचा वास आला की लोकांना औषध आठवते, मला मल्लखांब आठवतो.

या आखाड्याने एक गोष्ट अशी केली की जी त्या वेळी महाविद्यालयांनाही सुचली नव्हती. त्याने पहिलवान तयार केले ते केलेच, पण शिक्षकही तयार केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत, वऱ्हाडातल्या रणरणत्या उन्हात, तिथे शारीरिक शिक्षणाचे वर्ग भरत. निरनिराळ्या प्रांतांतून शाळामास्तर येत, पहाटे उठून लेझीम, लाठी, मल्लखांब, कवायत, खो-खो, हुतूतू शिकत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आपापल्या गावी परत जात. जाताना त्यांच्याबरोबर काय जाई? एक प्रमाणपत्र आणि एक शिट्टी. त्या शिट्टीवर किती शाळांची मैदाने उभी राहिली याची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या अहवालात सापडायची नाही.

आखाड्यात येणारी मुलेही नुसती दंड फुगवायला येत नसत. हुतात्मा राजगुरूंनी तरुणपणी काही काळ इथल्या मातीत व्यायामाचे शिक्षण घेतले होते. आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धन, ज्यांना सारी अमरावती दाजीसाहेब म्हणे, त्यांचा या मंडळाशी जवळचा संबंध होता. याच दाजीसाहेबांनी पुढे १९४६ साली शहराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले. सुदृढ शरीरांची जोपासना करणारा आणि झडलेल्या बोटांना कामाला लावणारा माणूस एकच होता, हे मला फार मोठे वाटते. पुढे विद्यापीठाला जागा मिळाली तीही या तपोवनाच्या शेजारीच, मार्डी रस्त्याला, पोहऱ्याच्या डोंगराच्या कुशीत. योगायोगच म्हणायचा.

आता १९३६ ची गोष्ट. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले. १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८ विरुद्ध १ गोलांनी हरवून हॉकीचे सुवर्णपदक घेतले, हे तुम्हांला पाठ आहे. पण त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला गेले होते. त्यांनी तिथे पदकासाठी स्पर्धा केली नाही. त्यांनी आपले देशी खेळ करून दाखवले: मल्लखांब, हुतूतू, खो-खो. ज्यांच्या गावाचे नाव नकाशावर शोधावे लागेल अशी ही वऱ्हाडातली मुले! त्यांनी युरोपातल्या लोकांपुढे लंगोट घालून, दम धरून ‘हुतूतू’ घातले असेल, तेव्हा त्या लोकांना काय वाटले असेल कोण जाणे. आपल्याला मात्र त्याचे महत्त्व कळायला फार वर्षे लागली. त्यांनी दाखवलेली कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत आली ती १९९० साली, बीजिंगला. आणि खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही, नेपाळला हरवून ती जिंकली. बर्लिन ते दिल्ली हे अंतर कापायला खो-खोला ८९ वर्षे लागली.

मग या काळात महाविद्यालये काय करीत होती? खेळत होती, पण निराळे खेळ. सरकारी महाविद्यालयांत तेव्हा क्रिकेट, हॉकी, टेनिस यांचा मान मोठा. पांढरी विजार, बूट, सायंकाळचा चहा. आखाडा एकीकडे, महाविद्यालय दुसरीकडे. एकाच गावात दोन जगे. एखादा मुलगा पहाटे आखाड्यात आणि सायंकाळी टेनिसवर दिसे, पण तो अपवाद. खेड्यातल्या मुलाला या दुसऱ्या जगाचे दार उघडले ते बरेचसे डॉ. पंजाबराव देशमुखांनी. पापळसारख्या खेड्यातून निघून थेट विलायतेत जाऊन बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन आलेला हा माणूस. त्यांनी १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था काढली, वसतिगृहे काढली, आणि कुणब्या-माळ्यांची, तेल्या-तांबोळ्यांची, दलितांची पोरे शिकायला शहरात आणली. ही पोरे येताना आपले खेळ घेऊन आली. त्यांना टेनिसची रॅकेट कशी धरावी ते ठाऊक नव्हते, पण त्यांना पकड ठाऊक होती. नांगर धरणारा हात कबड्डीत एकदा पायाला बसला की सुटत नाही, हे मी स्वतः सोसलेले सत्य आहे.

आता माझी स्वतःची एक आठवण सांगतो. आत्मप्रौढी म्हणून नव्हे. त्यात प्रौढी मिरवण्यासारखे काही नाहीच.

१९७४ सालची गोष्ट. मी अकोल्याला शिकत होतो. आमच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ बरा होता. निदान आमची तशी समजूत होती. त्या वेळी आम्ही सगळे नागपूर विद्यापीठाचे. भंडाऱ्यापासून बुलडाण्यापर्यंत आणि मेळघाटापासून चांद्यापर्यंत सारा विदर्भ एकाच विद्यापीठात. अकोला ते नागपूर रेल्वेने अडीचशे किलोमीटर. आम्ही रात्रीच्या पॅसेंजरला बसलो. बारा खेळाडू, एक मास्तर, आणि एका गाठोड्यात भाकरी, ठेचा, झुणका. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा अचलपूरच्या बाजूची काही मुले चढली. ती शकुंतला गाडीने आली होती. शकुंतला म्हणजे आमच्याकडची नॅरोगेज, आता बंद पडली. अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर जायला तिला चार तास लागत, आणि वाटेत कोणी हात दाखवला तर ती थांबते अशी तिची ख्याती. ती पोरे सकाळपासून प्रवासात होती. एकाने तर बूट हातात धरले होते, पायात घालून झिजू नयेत म्हणून.

पहाटे नागपूरला उतरलो, तोंड धुतले, मैदान गाठले. टेबलामागे बसलेल्या गृहस्थांनी वही उघडली, बोट वरून खाली फिरवले आणि म्हणाले, “तुमच्या महाविद्यालयाची प्रवेशिका आलेली नाही.” आमच्याच कचेरीतून कागद वेळेवर निघाला नव्हता. मास्तरांनी खूप विनवले. ते गृहस्थ वाईट नव्हते, त्यांनाही वाईट वाटले, पण ड्रॉ पडून गेला होता. आम्ही दोरीबाहेर उभे राहून दिवसभर दुसऱ्यांचे सामने पाहिले. परतीच्या गाडीत कोणी बोलेना. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा आमच्या कप्तानाने गाठोडे सोडले आणि म्हणाला, “खाऊन घ्या रे. ठेचा तं आपलाच हाये.” आम्ही हसलो. मग तो खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिला. ते त्याचे शेवटचे वर्ष होते.

मला राग त्या कागदाचा आला नाही. कागद कुठेही राहतो. मला कळले ते अंतर. तो कागद अमरावतीला पोचायचा असता तर मास्तरांनी एखाद्या पोराला एसटीत बसवून दोन-अडीच तासांत स्वतःच नेऊन दिला असता. वऱ्हाडात वेगळ्या विद्यापीठाची मागणी झाली तिच्यामागे राजकारण होते, अभिमान होता, नोकऱ्या होत्या, हे सगळे खरे. पण खेळणाऱ्याच्या दृष्टीने त्या मागणीचा अर्थ एवढाच होता की मैदान एका रात्रीच्या प्रवासावर नसावे.

आणि दुसरा अर्थ साध्या बेरजेचा. विद्यापीठाचा कबड्डीचा संघ बारांचा. एक विद्यापीठ म्हणजे साऱ्या विदर्भातून बारा मुले आणि बारा मुली. १९८३ मध्ये विद्यापीठे दोन झाली, जागा चोवीस-चोवीस झाल्या. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ निघाले, त्या छत्तीस झाल्या. प्रत्येक खेळाचे असेच. ज्याला बारावा-तेरावा म्हणून नागपूरला कोणी विचारले नसते तो अमरावतीच्या संघात आला, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला, त्याने भोपाळ पाहिले, बडोदे पाहिले, जयपूर पाहिले. विद्यापीठाचा कलर अंगावर चढला. ‘कलर होल्डर’ हा शब्द आमच्याकडे लग्नाच्या बोलणीतही निघतो, विश्वास ठेवा! मुलींच्या बाबतीत तर हा फरक फारच मोठा झाला. एक रात्र प्रवास आणि परगावी मुक्काम म्हटला की घरून ‘नाही’ ठरलेले. सकाळी जाऊन संध्याकाळी परत म्हटले की आई तरी हळूच ‘जा’ म्हणे.

पण थोडे आखाड्याकडे परत येऊ, कारण खरा सांधा तिथे जुळला. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. उन्हाळी वर्गाची जागा वर्षभराच्या अभ्यासक्रमाने घेतली. हौद्याशेजारी वर्गखोल्या आल्या. शरीरशास्त्र आले, मानसशास्त्र आले, पोहण्याचा तलाव आला. मी तिथलाच विद्यार्थी. सकाळी एरंडेल आणि दुपारी हाडांची लॅटिन नावे! आधी हे महाविद्यालय नागपूरला जोडलेले होते, १९८३ पासून अमरावतीला. म्हणजे नव्या विद्यापीठाला जन्मतःच असे एक घटक मिळाले की जे त्याच्यापेक्षा वयाने मोठे होते आणि ज्याचे नाव त्याच्यापेक्षा दूरवर पोचले होते. या मंडळाची धुरा अनेक वर्षे वाहणाऱ्या प्रभाकरराव वैद्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, ती या परंपरेलाच मिळाली असे आम्ही मानतो.

विद्यापीठाने पुढे आपले मैदान केले, इमारती केल्या, शारीरिक शिक्षणाचा विभाग काढला. तरी मला वाटते ते स्पष्ट बोलतो. या विद्यापीठाचा खेळ हा विद्यापीठाच्या आवारात घडत नाही. तो संलग्न महाविद्यालयांत घडतो. विद्यापीठ संघ निवडते, गणवेश देते, गाडीभाडे देते, प्रमाणपत्र देते. खेळाडू मात्र दर्यापूरच्या, कारंजाच्या, पुसदच्या, खामगावच्या कुठल्याशा मैदानावर कोणा एका मास्तराने घडवलेला असतो. ज्या महाविद्यालयात असा मास्तर आहे तिथे पदक आहे. ज्या महाविद्यालयात मास्तर निवृत्त झाला आणि त्याची जागा वर्षानुवर्षे भरलीच गेली नाही, तिथे चेंडूंच्या कपाटाला कुलूप आहे. पदकांची यादी वाचताना तुम्ही गावांची नावेही वाचत चला. अमरावती शहर पुन्हा पुन्हा येईल, अकोला येईल, आणि धारणी-चिखलदऱ्याचे नाव शोधावे लागेल. मेळघाटातली मुले पळण्यात कमी आहेत असे कोणी म्हणेल का? डोंगर चढून शाळेत जाणारी ती पोरे!

अकोल्याची तऱ्हा जरा निराळी. तिथे विद्यापीठ आहे ते शेतीचे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते स्थापन झाले. त्यासाठी विदर्भात मोठे आंदोलन पेटले होते. जांबुवंतराव धोट्यांसारखे पुढारी त्यात अग्रभागी होते. आज ते डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव लावते, आणि विदर्भाचे सगळे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. या विद्यापीठाची शेकडो संलग्न महाविद्यालये गावोगाव पसरलेली नाहीत. त्याची मोजकी महाविद्यालये, वसतिगृहे, शेते आणि मैदाने बरीचशी एकत्र आहेत. पोरगा वसतिगृहात राहतो, प्रक्षेत्रावर काम करतो आणि सायंकाळी मैदानावर उतरतो. कृषी विद्यापीठांच्या आपापसांत देशपातळीवर क्रीडास्पर्धा होतात, त्यांत तो खेळतो. एका विद्यापीठात मैदान दाराशी, दुसऱ्यात मैदान पाच जिल्ह्यांत विखुरलेले. दोन्हींची तुलना करून कमी-जास्त ठरवण्यात अर्थ नाही. पण पहिल्यातल्या मुलाला एसटीचे वेळापत्रक पाठ करावे लागत नाही, एवढे खरे.

अकोल्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मुष्टियुद्ध. वसंत देसाई क्रीडांगणावर सकाळी गेलात तर ठोशांचा आवाज ऐकू येईल. शासनाची क्रीडा प्रबोधिनी तिथे आहे, आणि अकोल्याच्या मुष्टियोद्ध्यांनी राज्यात नाव कमावले आहे. क्रिकेटचे तर बोलायलाच नको. अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून रणजी खेळतो, आणि अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ साली आयपीएल जिंकणाऱ्या बंगळुरूच्या संघात होता. त्याच वर्षी मे महिन्यात अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत कंपाउंड प्रकाराचे वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. अंतिम फेरीत अमेरिकन प्रतिस्पर्ध्याला तिने अवघ्या एका गुणाने हरवले. या साऱ्यांचा मला अभिमान आहे. पण ते वर चढले ते क्लबांच्या, संघटनांच्या, प्रबोधिन्यांच्या शिडीने. ती शिडी ज्याला सापडत नाही, ज्याच्या गावात क्लब नाही आणि अकादमीची फी भरायची ज्याच्या बापाची ऐपत नाही, त्याला विद्यापीठ ही एकच शिडी उरते. म्हणून विद्यापीठाच्या खेळाकडे मी पदकांच्या तक्त्यातून पाहत नाही. कापसाच्या भावावर ज्या घराचे वर्ष ठरते त्या घरातली मुलगी कुठवर पोचू शकते, हे मला त्यात पाहायचे असते.

आणि नेमकी तिचीच अडचण आज मोठी आहे. पूर्वी परीक्षा वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी. खेळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे. दोघांची गाठ क्वचितच पडे. सत्र पद्धत आली आणि हिवाळी परीक्षा ऐन खेळाच्या हंगामात येऊन बसली. आंतरमहाविद्यालयीन सामने संपतात, संघ निवडला जातो, सराव शिबिर लागते, पश्चिम विभागाच्या तारखा निघतात, आणि त्याच आठवड्यात पेपर. पश्चिम विभागाच्या तारखा भारतीय विद्यापीठ संघ ठरवतो, पेपरच्या तारखा आपले विद्यापीठ ठरवते, आणि दोन्ही कागद एकत्र होतात ते त्या मुलीच्या दप्तरात.

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी माझ्याकडे खो-खोची एक मुलगी होती. नाव सांगत नाही. बाळापूरच्या बाजूची, बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार. खांबाजवळ ती अशी वळायची की पाठलाग करणाऱ्या मुलीचा हात हवेत राही. तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. गावात पेढे वाटले. मग वेळापत्रक लागले, आणि स्पर्धेच्या दोन दिवसांत दोन पेपर निघाले. तिचे वडील पागोटे काखेत धरून माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, पोरगी खेळते ते मले बी चांगलंच वाटते. पण पेपर बुडाला तं वर्ष जाईन ना तिचं. मंग लोक म्हनतीन, बापानंच बिघडवली.”

मी त्यांना खुर्ची दिली. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात ते सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, “या खेळावर भेटन का?” ‘हो’ म्हणायला माझी जीभ उचलेना, कारण त्या राखीव जागेसाठी कोणत्या स्पर्धेतले कितवे स्थान लागते याची यादी मला चांगली माहीत होती. खेळाडूंचे बुडालेले पेपर वेगळे घ्यावेत, म्हणून अर्ज लिहिला. तो रीतसर वर गेला. अर्ज करायला मी शिकलो होतो. १९७४ च्या त्या कागदाची आठवण अजून ताजी होती, म्हणून या खेपेला मी स्वतः एसटीने अमरावतीला गेलो आणि पोच घेऊनच परत आलो. येताना थोडा वेळ विद्यापीठाच्या आवारात बसलो. समोर पोहऱ्याचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी गवत. अधूनमधून तिथे बिबट्याही येतो म्हणून संध्याकाळी कोणी फार रेंगाळत नाही. दारावर ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबा मनात आले. शेणगावात जन्मलेला आणि १९५६ साली इथून जवळच, वलगावच्या वाटेवर पेढी नदीकाठी देह ठेवलेला माणूस. स्वतः शाळेची पायरी चढला नाही, आणि लोकांना सांगत फिरला की भांडी विका पण पोराला शिकवा. त्या मुलीचा बाप तेच तर करीत होता.

मैदानावर तेव्हा काही मुले खो-खोच्या पाट्या आखीत होती. चुना कमी पडला म्हणून एकजण पिशवी झटकत होता. मी उठून त्याला दोरी धरू लागलो. रेघ वाकडी जात होती.

अकोल्याला पोचायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सरावाला ती मुलगी सगळ्यांच्या आधी आलेली होती. बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिने मान वर न करताच विचारले, “सर, काही कळलं का?”

मी म्हटले, “अर्ज पोचला. उत्तर यायचे आहे.”

“मग आज पळू ना?”

“पळ,” मी म्हटले, आणि शिट्टी दिली.